मांडणी

शिरोलीच्या फाउंड्रीत, भट्टीवरच्या माळ्यावर माझं टेबल.
पंखा धूळ ढवळतो, गार काही करत नाही.
मगदूम साहेब म्हणाले, सोमवारी ऑडिट आहे,
आपल्या कामाचं एक चित्र काढ. चौकोन, बाण.
आणि जरा देखणं कर.

चौकोन काढणं सोपं.
वाळू. साचा. वितळवणं. ओतणं. घासणं. तपासणी.
एका दिवसात अख्खी फाउंड्री पडद्यावर मावली,
सगळे चौकोन निळे, सगळ्या रेघा एकाच जाडीच्या,
दुकानातून आणल्या आणल्या वस्तू असते तशी.

मग देखणं करायला बसलो.
(मी मुलगी. पण आमच्यात मुलीही बसलो म्हणतात.
पुण्यात मुलाखतीला त्यावर हसले होते.
मी पाणी प्यालो आणि परत आलो.)

भट्टीला लाल दिला. पटेना.
खाली जाऊन बघून आलो:
ओतायच्या वेळी लोखंड लाल नसतंच,
काहिलीतून उतरवायच्या घडीला आलेल्या
गुळासारखं असतं, आतून उजेड असलेलं.
तो रंग यादीत नव्हता.
तीन आकडे पुढे-मागे करत
चहाच्या वेळेला सापडला.

वाळूला पुस्तकात ग्रीन सँड म्हणतात, असते काळी.
काळीच दिली, वरची अक्षरं पांढरी केली.
मोठीही केली, कारण साहेबांना चष्मा आहे
आणि ते लावत नाहीत.

नापास मालाचा बाण परत भट्टीकडे जातो,
सगळ्यांच्या डोक्यावरून आडवा.
साहेब म्हणाले, हा जरा फिका कर.
केला. फिका. दिसेनासा नाही.

मग ते बटण दाबलं. आपोआप मांडणी.
तालमीत वस्ताद शिरल्यावर पोरं उभी राहतात
तसे सगळे एका रांगेत,
बाण काटकोनात, मधली जागा सारखी,
आणि एकच चौकोन लांब, खाली उजव्या कोपऱ्यात:
दस्तगीर मामा.

नाव मीच टाकलं होतं, हुद्दा सापडेना म्हणून.
मामा वाळू मुठीत घेतात, दाबतात,
तो गोळा मधोमध मोडतात,
मोडलेली कड बघतात.
बोलतात क्वचित. 'पाणी व्हय जरा.'
यंत्र ओलाव्याचा आकडा देतं,
सगळे आकड्याकडे बघतात
आणि मग मामांकडे.
ह्याला कुठला बाण?

घरी, बावड्यात, आईची पत्र्याची मांडणी आहे,
खालची फळी पुराच्या पाण्यानं खाल्लेली.
डबे उतरत्या उंचीनं, ताटं उभी,
फक्त चहाचं पातेलं तिरकं, पुढं, कडेच्या बाहेर.
एकदा मी ते नीट आत लावलं.
सकाळी आईनं न बघता हात नेला
आणि हात तसाच हवेत राहिला.

मी चौकोन धरून वर आणला,
वाळू आणि साचा यांच्या मध्ये, थोडा तिरका.
ग्रिड त्याला जवळच्या रेघेवर ओढायला लागली.
ग्रिड बंद केली.
चौकटीची कड काढून टाकली.
तिथून तीन तुटक रेघा सोडल्या:
वाळूकडे, साच्याकडे, तपासणीकडे.
खाली खुणांच्या यादीत एक ओळ वाढवली:
तुटक रेघ, म्हणजे विचारून.

मामा पाणी प्यायला वर आले होते.
'ह्यो मी?' म्हणत बोट टेकवलं.
काचेवर काळा ठसा उठला.
मी पुसला नाही.
प्रिंट काढली, त्यात तो आला नाही.

साहेबांनी कागद हात लांब करून धरला,
बराच वेळ वाचला.
मला वाटलं, आता रांगेत घे म्हणतील.
तुटक रेघेवर नख ठेवून म्हणाले,
'ही जरा जाड कर.'